सरांचा राळेचा डबा

(माजी विद्यार्थी, दहावी १९८८)

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लूमचं बिघडलेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड दुरुस्तीला उघडून बसलो होतो. सोल्डरच्या एका टाक्याभोवती हिरवी पूड साचली होती. हिरवं दिसलं की मला टेक्निकलचे सर आठवतातच, त्यासाठी सुवर्णमहोत्सव लागत नाही. बाकी शाळेबद्दल इतर लोक लिहितीलच. मी फक्त सरांबद्दल लिहिणार आहे.

सरांच्या टेबलावरचा चहापावडरचा डबा आमच्या बॅचला वेगळा सांगायला नको. त्यात राळेचे खडे असायचे, जुन्या मधाच्या रंगाचे. सोल्डरिंगच्या इस्त्रीचं तापलेलं टोक खड्याला लागलं की चुर्र व्हायचं, पांढरा धूर निघायचा आणि वर्कशॉपला देवळाचा वास यायचा. सरांचा नियम एकच : आधी पात्यानं खरवड, मग राळ, मग कथील. तार काळी असेल तर टाका बसणारच नाही, मग टाक्याला शिव्या घालू नका.

मी नववीत असताना १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी शाळेच्या ॲम्प्लिफायरची माइकची तार सुटली. सर गावाला गेले होते. मी फुशारकीनं ‘मी करतो’ म्हटलं. तार जुनी, काळी पडलेली. कथील तिच्यावरून गोळी होऊन घरंगळत होतं. खरवडायचा कंटाळा आला. मधल्या मारुतीजवळ बंब-बादल्यांना डाग देणारे एक चाचा बसायचे, त्यांच्याकडून जस्त टाकून मारलेलं ॲसिड बाटलीच्या बुचात घेऊन आलो. एक थेंब लावला आणि काय सांगू, कथील पाण्यासारखं पसरलं. चांदीसारखा चकचकीत टाका! झेंडावंदन झोकात झालं. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली.

पुढे अख्खा पावसाळा गेला. १२ जानेवारीला आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना अभिवादन होतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा... आणि जगन्नाथ शिंद्यांच्या नावाला भोंग्यानं खरखर केली आणि गप्प झाला. मुलं गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, सुट्टीच्या नादात होती, कुणाला फारसं काही वाटलं नाही. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

मधल्या सुट्टीत सरांनी झाकण काढलं. टाक्याभोवती मोरचुदासारखं हिरवं फुललं होतं. सरांनी चिमट्यानं तारेला नुसतं बोट लावावं तसं लावलं, तर ती वाळल्या काडीसारखी तुटली. सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “काय लावलं होतंस रे?” मी सांगितलं. मार बसणार म्हणून हात पुढे केला, तर त्या हातात टूथब्रश आला.

“चाचांचं काही चुकलं नाही,” सर म्हणाले. “बादलीला जाड पत्रा असतो, आणि ते डाग दिल्यावर ती पाण्यानं खळखळून धुतात. तू धुतलंस का?” मग समजावलं, ते आजही शब्दश: आठवतं. राळ थंड असताना झोपलेली असते. तापली की जागी होऊन तांब्यावरचा काळेपणा खाते, निवली की पुन्हा कडक होऊन झोपते. त्या ॲसिडाचा क्षार झोपत नाही. तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि तांबं खात बसतो. “हे मीठ आहे, आधी गरम पाण्यानं काढ. राळ स्पिरिटनं निघते, ते मागाहून.” ब्रशनं धुऊन ती टाक्यांची पट्टी गच्चीवर उन्हात ठेवली, सोलापूरचं ऊन कामाला आलं. मग खरवडून, राळ लावून तोच टाका माझ्याकडूनच पुन्हा घालून घेतला. दोनदा उपटायला लावला. तिसरा ठेवला.

आज माझ्याकडे सहा मुलं कामाला आहेत. सूत तुटू नये म्हणून विणाईच्या शेडमध्ये मुद्दाम ओलावा राखतात, त्यामुळे कार्डावर राहिलेल्या फ्लक्सला (टाका बसावा म्हणून लावतात ते, राळेसारखं) तिथं पावसाळा बारमाही. हाताखालच्या पोरांना बाजारातली नळकामाची पेस्ट दिसली की मी डबी बाहेर फेकतो. तिच्यात जस्ताचा क्षार आणि नवसागर असतो. आता ‘नो-क्लीन’, म्हणजे धुवायला न लागणारा, फ्लक्स आलाय, नावावर जाऊन पोरं तो भसाभस ओततात. तो पुरता तापला तर निरुपद्रवी; टाक्याच्या कडेला कच्चा राहिला तर तोही उपद्रव करतो. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं धुवावं, पण नीट. अर्धवट पुसलं तर पांढरा थर सगळीकडे पसरतो, त्यापेक्षा न धुतलेलं बरं. युरोपनं २००६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी घातल्यापासून बिनशिशाचं सोल्डर आलं. ते २१७ अंशांना वितळायला लागतं, आपलं जुनं कथील-शिशाचं १८३ ला. उष्णता वाढली की फ्लक्स लवकर जळतो, म्हणजे हात आणखी चपळ हवा. सर असते तर दोन दिवसांत शिकले असते आणि तिसऱ्या दिवशी मला शिकवलं असतं.

सर गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. तेव्हा मी धंद्याच्या धावपळीत होतो, ही सबब आहे, मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी शाळेत आलो तर वर्कशॉपच्या जागी संगणक कक्ष झालाय, एसी आहे, फरशी गुळगुळीत. छान आहे. व्हाइस मात्र विकून टाकले, ते नव्हते विकायला पाहिजे.

समितीला एक विनंती. तो करडा ॲम्प्लिफायर जिन्याखालच्या खोलीत असेल तर भंगारात घालू नका, मला कळवा. चालू करून देतो, पैसे घेणार नाही. ओळखायची खूण म्हणजे माइकच्या सॉकेटमागचा टाका. जरा ओबडधोबड आहे, पण हिरवा झालेला नसेल.