सहीच्या आधी

परवा माझ्याकडे, वकिलाकडे, दांडिया बाजारातल्या एक बाई आल्या. साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्यात आल्या त्याला तीस वर्षं झाली. गुजराती फडाफडा बोलतात, पण वाचता येत नाही. नवरा जाऊन सात महिने झालेत. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी जपून एक स्टँप पेपर काढला. "दीर म्हणाले, वहिनी, घराचे कागद नीट करायचेत, नुसती सही करा."

कागदाच्या माथ्यावर गुजरातीत लिहिलं होतं, 'हक्क कमी'. म्हणजे आपलं हक्कसोडपत्र. सासू-सासरे नाहीत, मूलबाळ नाही. नवऱ्याचा निम्मा हिस्सा कायद्याने यांचाच. तो त्या 'राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता' सोडून देणार होत्या.

अशा वेळी मला भारतातल्या सुरुवातीच्या स्त्री वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजी आठवतात. १५ नोव्हेंबर १८६६ चा जन्म, आपल्या नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांनी! बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा आला १९२३ मध्ये, तेव्हा बाई सत्तावन्नच्या घरात होत्या.

पण मला त्या मोठ्या वाटतात ते मधल्या काळातल्या कामामुळे. सनद नव्हती म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि विधवांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, त्यांनी पडद्यातल्या विधवांचं आणि वारसांचं काम पाहिलं. या बायकांच्या नावावर जमिनी, जहागिरी. पण परपुरुष वकिलासमोर यायची सोय नाही. पडद्याआड कागद जायचा आणि अंगठा उठून बाहेर यायचा. त्यात काय लिहिलंय ते सांगणारं आत कोणी नसे. बाई आत गेल्या. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम, कधी रेल्वेने, कधी होडीने, कधी पालखीने. सहाशेच्या आसपास बायका-मुलांना त्यांची मदत झाली असं सांगतात. स्वातंत्र्य चळवळीला त्यांचा विरोध होता, ते मला अजिबात पटत नाही. तरी या कामापुढे मी हात जोडते.

मी वकिली सुरू केली सुरसागर तलावासमोरच्या न्यायमंदिरात, बडोद्याच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. मधल्या दालनात बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंचा पुतळा आहे. कोर्टात पहिल्यांदा उभी राहण्याआधी मी त्याच्यापाशी थांबले होते, हातपाय गार पडले होते. आता कोर्ट तिथून हललंय, पण ती थंडगार फरशी अजून पायांना आठवते.

तर, त्या बाईंना मी कागद ओळ न् ओळ मराठीत सांगितला. पाऊण तास लागला. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी थांबले तसं पदराने चष्मा पुसून म्हणाल्या, "ताई, ते मोबदल्याचं पुन्हा एकदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.