पापे पदरी घेताना

यंदा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात एका शनिवारी संध्याकाळी मी पत्नीबरोबर नाशिकरोडला तिच्या माहेरच्या कॅथलिक चर्चमध्ये गेलो होतो. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, सुरू व्हायला अर्धा तास अवकाश होता आणि पापनिवेदनासाठी, म्हणजे फादरांपुढे आपली पापे एकांतात सांगण्यासाठी, दहाबारा माणसे भिंतीकडेच्या बाकांवर क्रमाने बसली होती. माझा जन्म नाशिकमधल्याच शरणपूरच्या प्रोटेस्टंट घरातला, त्यामुळे मी मागेच बसून राहिलो. पत्नीचा क्रम आला तेव्हा ती लाकडी जाळीशी गुडघे टेकून जेमतेम पाच मिनिटे बोलली आणि उठल्यावर थेट बाहेर अंगणात गेली. वडिलांच्या जमिनीच्या वाटणीवरून ज्या थोरल्या बहिणीशी तिने दीड वर्ष अबोला धरला होता, तिला तिने फोन लावला आणि “ताई, मी बोलतेय,” एवढेच म्हणून ती रडू लागली. फादरांनी तिला प्रायश्चित्त म्हणून जपमाळ सांगितली नव्हती, हा फोन सांगितला होता. (गुप्ततेचे बंधन फादरांवर असते, निवेदन करणाऱ्यावर नसते, तिनेच मला हे सांगितले आणि तिला विचारूनच मी ते येथे लिहितो आहे.)

लग्नाला एकवीस वर्षे झाली, तरी पापक्षमेचा विषय निघाला की आमच्या घरात अजूनही दोन बाजू पडतात. लहानपणापासून मी एकच वाक्य ऐकत आलो होतो, की माणूस माणसाचे पाप कसे माफ करणार? हा आक्षेप कॅथलिकांवर अन्याय करणारा आहे, हे मला फार उशिरा कळले. क्षमा देव करतो, हेच तेही मानतात. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांवर फुंकर घालून, तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांची क्षमा होईल, असे सांगितल्याचे योहानाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात आहे. तो अधिकार धर्मगुरूंकडे चालत आला आहे आणि फादर ख्रिस्ताच्या नावाने तो वापरतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, हा नियम कॅथलिक धर्मसभेच्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घालून दिला. प्रत्येक गंभीर पाप त्याच्या प्रकारासह आणि आठवेल तितक्या संख्येसह सांगितले पाहिजे, हे १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने प्रोटेस्टंटांना उत्तर देताना पक्के केले. ऐकलेले पाप ज्या फादरांनी उघड केले, ते त्या कृत्यानेच धर्मसभेतून बहिष्कृत होतात.

खरा वाद कुठे आहे, हे मला आपल्या मराठीतल्या दोन शब्दांमुळे उमगले. कॅथलिक पापनिवेदनाच्या या संस्काराला ‘प्रायश्चित्त संस्कार’ म्हणतात. गोदाकाठच्या या शहरात प्रायश्चित्त म्हटले की कोणालाही रामकुंडावरचे स्नान आणि विधी आठवतात, म्हणजे माणसाने स्वतः करून फेडायची गोष्ट आठवते. आमच्या शरणपूरच्या उपदेशांत मात्र माणसासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द येई, आणि प्रायश्चित्त हा शब्द जवळजवळ ख्रिस्तासाठीच राखून ठेवलेला असे, कारण मराठी बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्तालाच आपल्या पापांबद्दलचे प्रायश्चित्त म्हटले आहे. ते एकदाच झाले आणि पुरेसे झाले, मग मी आणखी काय फेडणार, अशी आमची धारणा. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या मार्टिन ल्यूथरचा १५१७ चा झगडाही अशाच शब्दावरून सुरू झाला होता. येशूच्या ज्या ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे, त्याचे लॅटिन भाषांतर ‘प्रायश्चित्त करा’ असेही वाचता येत होते. ल्यूथरने आपल्या ९५ सिद्धांतांपैकी पहिल्यातच म्हटले, की श्रद्धावंताचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, असे प्रभूला अभिप्रेत होते. आणि हा शब्द धर्मगुरूंपुढच्या विधीपुरता समजता येणार नाही, असे दुसऱ्यात बजावले.

या मुद्द्यावर मी आजही ल्यूथरच्या बाजूने आहे. पापांची मोजदाद करून क्षमा पूर्ण होते असे धरले, तर विसरलेल्या पापाची भीती माणसाला जन्मभर छळेल, आणि त्याची नजर ख्रिस्तावरून ढळून आपल्या यादीवरच खिळेल.

पण त्याच ल्यूथरने एकांतातली पापकबुली मोडीत काढली नव्हती, हे आमच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. त्याच्या अनुयायांनी १५३० मध्ये मांडलेल्या ऑग्सबर्गच्या विश्वासकबुलीत स्पष्ट म्हटले आहे, की प्रत्येक पापाची गणती आवश्यक नसली, तरी व्यक्तिगत क्षमावचन चर्चमध्ये टिकवावे. शरणपूर वसवले ते चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, अर्थात अँग्लिकन लोकांनी, आणि त्यांच्या १६६२ च्या उपासनापुस्तकात प्रभुभोजनाला येण्यापूर्वी ज्याचे मन स्वस्थ होत नसेल, त्याने पाळकाकडे येऊन आपले दुःख उघड करावे, असे सांगितले आहे. आजाऱ्याच्या भेटीच्या विधीत तर पाळकाने म्हणायचे क्षमावचन फादरांच्या वचनाशी बरेच मिळतेजुळते आहे. आम्ही ती दारे कोणी बंद न करताच वापरायची सोडून दिली.

आमच्याकडे राहिली ती सर्वांनी मिळून म्हणायची कबुली: जे करायला हवे होते ते आम्ही केले नाही, जे करू नये ते केले. वडील ती मोठ्या आवाजात म्हणत. एका रविवारी मात्र त्या वाक्याशी ते थांबले, मंडळी पुढे गेली आणि त्यांचे ओठ मिटलेलेच राहिले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्यांना काय बोचत होते ते मला कधीच कळले नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते त्यांना कोणी विचारलेही नाही.

मलाही तसेच काही बोचत होते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हिशेबातली माझी एक मोठी चूक मी एका सहकाऱ्याच्या अंगावर जाऊ दिली आणि त्याची बढती हुकली. “आपण आपली पापे पदरी घेतली” तर देव क्षमा करतो, हे वचन मी वर्षानुवर्षे मनात म्हणत आलो, पण पदरी घेतली ती मनातल्या मनात, जिथे मला ऐकणारे कोणी नव्हते. पत्नीच्या त्या फोननंतरच्या आठवड्यात मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, डोक्यावर हात ठेवून क्षमेचे वचन माझे नाव घेऊन म्हटले, आणि मग पर्वतावरच्या प्रवचनातले ते वाक्य उघडले, ज्यात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. यात प्रायश्चित्त हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “फादरांनीही हेच सांगितलं असतं.”

सहकारी आता सातपूरला राहतो. पहिल्या वेळी त्याने मला दारातच उभे ठेवून ऐकले आणि म्हणाला, “माफ केलं असं आज तरी मला म्हणवत नाही.” मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. त्या वेळी त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि ती चूक नेमकी कोणत्या नोंदीत झाली होती, हे मला पहिल्यापासून सांगायला लावले.