गाण्याच्या बाई आणि खर्जातला गंधार

मिरजेत आमच्या घरी तंबोरे बनत, पण गाणं नव्हतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे माळ्यावर टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि कोपऱ्यात कानस घेऊन बसलेले आब्बा. वाद्य तयार झालं की गवयाच्या हाती जायचं आणि आमचा त्याच्याशी संबंध संपायचा. तो पुढे नेला आपल्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी. अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेत खरं तर त्यांचाच लेख हवा होता. बाई गेल्या वर्षी गेल्या, म्हणून मी लिहितो आहे.

शाळेत पेटी होती आणि प्रार्थनेला ती पुरत असे. तरी तंबोरा जुळवल्याशिवाय बाई तास सुरू करत नसत. जुळवण्यातच निम्मा वेळ जायचा. मुलं गाणार कधी, असं कुणी विचारलं तर बाई म्हणत, "अहो, हाच तर तास आहे." पेटीवर त्यांचा राग नव्हता; स्वतः फार सुंदर वाजवत. पण आकाशवाणीने १९४० ते १९७१ एवढा काळ पेटीला बाहेर का ठेवलं होतं, हे त्या सातवीतल्या मुलांनाही समजावून सांगत. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, आणि तिचा गंधार, म्हणजे "ग", निसर्गातल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. मग पेटीचा गंधार दाबून धरत, सोडत, आणि तंबोऱ्याकडे बोट करत. "आता याच्यातला शोधा."

तंबोऱ्यावर गंधाराची तार नसतेच. पंचम, जोडाच्या म्हणजे षड्जाच्या दोन आणि खालच्या षड्जाचा खर्ज, एवढ्या चार तारा. पण तंबोरा नीट जुळलेला असेल तर खर्ज छेडल्यावर थोड्या वेळाने त्याच नादातून गंधार वर येतो. कुणी न छेडलेला स्वर! मूळ कंपनाच्या पाचपट कंपनं असलेला तो स्वर तारेतच असतो, हे बाईंनी विज्ञानाच्या सरांना गाण्याच्या तासाला बोलावून फळ्यावर मांडायला लावलं होतं. जन्मापासून मी तंबोऱ्यांत वाढलो, पण तो गंधार मला पहिल्यांदा ऐकू आला शाळेच्या गाण्याच्या खोलीत. संध्याकाळी आब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. ते रोज तोच तर शोधत होते. आमच्या कामात "आवाज खुलला" एवढंच म्हणतात.

आठवीत माझा आवाज फुटला. या वयात मुलगे गाणं सोडतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना कुणी अडवतही नाही. बाईंनी मला समूहगीतातून काढलं, पण खोलीतून जाऊ दिलं नाही. "आवाज ओढू नकोस. मंद्रात जेवढं सहज लागेल तेवढंच गा, आणि तंबोऱ्यावर बस." दुसऱ्यांच्या गाण्यामागे मी तंबोरा धरत होतो, आणि त्या मधेच थांबवून विचारत, "कोणती तार उतरली?" माझा कान तयार झाला तो त्या दिवसांत. आजही नवीन गुरू भेटले की मी त्यांना हेच सांगतो: आवाज फुटलेल्या मुलाला घरी पाठवू नका, त्याला तंबोरा द्या.

मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाण्याची मैफल होते, हे मिरजकरांना सांगायला नको. खाँसाहेबांचं दफन याच दर्ग्याच्या आवारात झालं. बाई आम्हाला तिथे घेऊन जात आणि अगदी पुढे बसवत. मोठमोठे गवई तिथे बिदागी न घेता सेवा म्हणून गातात याचं त्यांना फार अप्रूप. गंधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेचा फॉर्म भरताना त्या विष्णु दिगंबरांबद्दल सांगत: याच मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकले, १९०१ साली लाहोरला जाऊन गंधर्व महाविद्यालय काढलं, आणि १९३१ मध्ये मिरजेतच त्यांचा अंत झाला. "तुम्ही कुठल्या गावचे आहात, ते लक्षात ठेवून गा," एवढं म्हणून फॉर्मवर सही करत.

त्या परीक्षांत मी मध्यमापर्यंत पोचलो. दहावीनंतर घरचं काम धरायचं की गाणं, असा प्रश्न उभा राहिला. बाई आमच्या घरी आल्या. गल्लीत सगळ्यांना वाटलं, मुलाला गवई करायचं म्हणून आब्बांची समजूत घालायला आल्या असणार. त्या आब्बांना म्हणाल्या, "याला जवारीच्या कामाला बसवा. याला ऐकू येतं." एवढ्या मायेने कुणी माझ्या हातातलं काम माझ्यासाठी निवडून दिलेलं नाही.

जवारी म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा इतका बारीक घासायचा, की तार त्याला जेमतेम चाटून जाईल. मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत आवाज खुलेल ती जागा शोधायची. मोजमाप नाही, यंत्र नाही. खर्जातून गंधार स्वच्छ आला की हात थांबवायचा. बाईंच्या खोलीत शिकलो, त्यावरच मी रोज पोट भरतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि लगेच विचारलं, "तुझ्याकडे शिकायला किती मुलं आहेत रे?" एकही नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

त्यांना द्यायचं उत्तर मला आता शाळेकडूनच हवं आहे. गाण्याच्या खोलीतला बाईंचा तंबोरा हल्ली कपाटावर असतो आणि प्रार्थनेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लागतो, असं ऐकलं. तो तंबोरा माझ्याकडे पाठवा. तारा बदलून, जवारी काढून देईन. पैशांचा विषय काढू नका. फक्त आणायला शिपाईमामांना एकटं पाठवू नका. सातवी-आठवीतली दोन-चार मुलं-मुली सोबत द्या, आवाज फुटलेलीसुद्धा. काम त्यांच्यासमोर करीन, आणि ज्याला ऐकू येईल त्याच्या हातात कानस देईन.