किती पानं सोडू?

सोमवार, रात्रीचे साडेदहा

"आठ," म्हणाले मी. भाजीवाल्याला पावकिलो सांगावं तसं.

गुढीपाडवा झाला, ऊसतोडीला गेलेले ट्रॅक्टर माघारी यायलेत. आज सकाळच्या शाळेत आमची दोन पोरं परत आली, त्यातली एक ही. उन्हानं पार रापलीये, हातावर पाचटाचे ओरखडे. दप्तरात तीच वही. शेवटची तारीख ऑक्टोबरातली, खाली माझी लाल सही. तिनं पान उलटलं आणि मान वर न करता विचारलं, "बाई, मधलं नंतर लिहायचंय नं? किती पानं सोडू?"

मी आठ म्हणाले. तिनं बोटाला थुंकी लावून आठ पानं मोजली, नवव्यावर समास आखला, आजची तारीख घातली. झालं. पुढं खिचडी वाटली, ऑनलाइन माहिती भरली, केंद्रप्रमुखांचा फोन आला, घरी आले. पण चपात्या लाटताना तेच. आठच का? सहा का नाही, साठ का नाही?

मी नोकरी करत शिक्षणशास्त्र शिकतेय; काल त्याच्या संपर्क सत्रात, म्हणजे रविवारच्या वर्गात, स्वाध्याय परत मिळाले. अभ्यासक्रम विकसनाच्या पेपरात वीसपैकी चौदा, आणि शेरा: "उदाहरणे स्थानिक हवीत." तो शेरा काल जरा लागलाच होता. रविवारची झोप सोडून सहाची एसटी धरायची, रात्री सगळे झोपले की पुस्तक उघडायचं, त्रेचाळिसाव्या वर्षी. वर स्टाफरूममध्ये, "मॅडम, ह्यानं पगार वाढणारंय का?" ह्यांचं तर बोलायलाच नको. आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं दोन महिने राहिलंय, ते आता लिहीत नाही.

तर तो स्वाध्याय. टायलर हा अभ्यासक्रमाचा अमेरिकन अभ्यासक, त्यानं 1949 ला सांगितलंय, अध्ययन अनुभवांची मांडणी तीन कसोट्यांवर घासून बघा: सातत्य, क्रम, एकात्मता. ह्यावर माझी सव्वादोन पानं. क्रमाला उदाहरण दिलं बेरजेवरून गुणाकार, गुणाकारावरून भागाकार. पुस्तकातच होतं, मी फक्त अक्षर चांगलं काढलं. मानसशास्त्रज्ञ ब्रूनरचा सर्पिल अभ्यासक्रमही घातला, 1960 चा. तोच विषय दरवर्षी भेटतो, दरवेळी थोडा वरच्या पायरीवर. जिन्याचं चित्र काढलं होतं त्याला.

आज रात्री ते चित्र बघताना एकदम ध्यानात आलं. ही पोर पहिलीपासून दिवाळीला जाते आणि पाडव्याला येते. म्हणजे चार वर्षं तिनं दरवर्षी जून ते ऑक्टोबर एवढीच शाळा बघितलीये. चारही पुस्तकांचा पहिला अर्धा. संख्या, बेरीज, वजाबाकी तिला माझ्याआधी येते. माझ्या वार्षिक नियोजनात अपूर्णांक दिवाळीनंतर असतात, दरवर्षी. ते नियोजन मीच करते. जिना फिरत फिरत वर जातो खरा, पण अपूर्णांकाच्या पायरीवर ती कधी नसतेच. आणि मी शेरा काय लिहिते? "अपूर्णांकात कच्ची."

कच्ची कशानं, शिकवलंच कुणी नाही तिला.

बरं, मी काही केलंच नाही असंही नाही. दसऱ्याला तिच्या आईला म्हणाले होते, आईबाप तोडीला गेले की पोरांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृह आहे, ठेवा हिला. ती म्हणाली, "मंग धाकल्याला तिकडं फडावर कोपीत कोण बघंल?" नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मजुरीची आगाऊ उचल घेतलेली, टोळीचा मुकादम दारात. मी काय बोलणार होते. शिक्षण हमी पत्रक भरून दिलं: इयत्ता, कुठवर आलीये, सही, शिक्का. जाईल तिथल्या शाळेनं ते बघून वर्गात बसवून घ्यायचं. आज तिनं ते मला परत दिलं. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नाही. जपून आणलं होतं, सांभाळायला दिल्यासारखं. तिथली शाळा कानडी.

तेव्हा गुरुजी, हे घ्या स्थानिक उदाहरण. आता चौदाचे सतरा करा.

(हसू आलं लिहिताना. ह्यांनी कूस बदलली.)

हिल्डा ताबा, तीही अभ्यासक्रमाचीच अभ्यासक, म्हणते, अभ्यासक्रम खालून वर जावा, शिक्षकानं करावा, आणि पहिली पायरी गरजांचं निदान. वाचताना वाटलं होतं, बाई, तू आमच्या तालुक्यात ये एकदा. आज वाटतंय, निदान तर तिनं स्वतःच करून आणलं होतं. मधलं राहिलंय हे ठाऊक, ते भरायचंय हेही ठाऊक. माझ्याकडं फक्त आकडा मागत होती. आणि मी तिला आठ सांगितलं.

अपूर्णांकालाच आठ लागतील. परीक्षेला तीन आठवडे. पुढच्या वर्षी अपूर्णांक जुलैत घेतले तर? वजाबाकी मागं जाईल, केंद्रप्रमुख विचारतील, विचारू देत. पण पुढच्या वर्षी ती पाचवीला, दुसऱ्या गावच्या शाळेत. तिच्या मागून येणाऱ्या तिघी आहेत तशाच. त्यांच्यासाठी तरी.

मध्ये सरकारनं पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली होती, 2023-24 ला, आणि 2025-26 पासून काढलीसुद्धा. त्या पानांवर काय लिहायचं ते आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. हिला बरोबर कळलं असतं.

वह्या तपासायला घरी आणल्यात. तिची काढून बघितली. आठ पानं सोडून आजचं पान लिहिलंय, बारीक अक्षरात, जागा वाचवून. का ते पुढं उलटलं तेव्हा कळलं. मागं तीनच पानं उरलीत.

उद्या एक वही न्यायला हवी. कपाटात आहेत, पण सगळ्या चौरेघी.