जुन्या आलिशान गाडीच्या इंजिनाचा दम कसा जोखावा

पंधरा-अठरा वर्षांपूर्वी ज्या जर्मन सेडानकडे आपण केवळ लांबून पाहत होतो, ती आज नव्या छोट्या गाडीच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळू शकते. गोव्यात तर अशा गाड्या पाहायला फार हिंडावे लागत नाही. कुणाचा मुलगा परदेशी स्थायिक झालेला असतो, कुणाचे घर वर्षातले दहा महिने बंद असते आणि गाडी शेडमध्ये कापड पांघरून उभी असते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आल्यावर तिकडच्याही काही गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. किंमत ऐकून माणूस हरखतो. पुढे त्याला इंजिनाचा खर्च समजतो, तेव्हा व्यवहार होऊन गेलेला असतो. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

सहा वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून अशीच एक डिझेल सेडान घेतली. चाचणी म्हणून आम्ही पर्वरीहून अटल सेतूवरून पणजीला गेलो आणि परत आलो. गाडी सरसर निघाली, आत इंजिनाचा आवाजही येत नव्हता, आणि मी त्याच दिवशी विसार दिला. चार महिन्यांनी अनमोड घाटात, कुटुंब बरोबर असताना, गाडीने अचानक दम सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढेना, मागे ट्रकांची रांग लागली. इंजिनात हवा दाबून भरणारी टर्बोची यंत्रणा काजळीने अडकली होती, एका सिलिंडरमधली पिस्टनची रिंग गेली होती, आणि हे सगळे मी गाडी घेण्याच्या कितीतरी आधीपासूनचे होते, असे इंजिन उघडल्यावर मेस्त्रींनी सांगितले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या घरात गेला.

नंतर मी पुष्कळ विचार केला की मला ते आधी जाणवले कसे नाही. उत्तर साधे आहे, पण कुणी ते सांगत नाही. मोठ्या गाडीच्या इंजिनात मुळात इतकी ताकद शिल्लक असते की त्यातली बरीच गेली तरी रोजच्या वापरात ते कळत नाही. उदाहरणादाखल २००५ च्या सुमाराची मर्सिडीज ई २२० सीडीआय घेऊ. तिचे इंजिन २,१४८ सीसीचे, ताकद सुमारे १५० अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ३४० न्यूटन-मीटर. त्यातला एक तृतीयांश टॉर्क गेला असे धरले तरी सव्वादोनशेच्या आसपास उरतो, आणि १.२ लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये तो साधारण ११० असतो. मोठी गाडी वजनाने बरीच जड असली, तरी हॅचबॅक चालवणाऱ्या माणसाला ती दमलेली गाडीही जोरदारच वाटणार. आपण तिची तुलना आपल्या जुन्या गाडीशी करतो, तिच्या स्वतःच्या नवेपणाशी करत नाही. त्यात भर म्हणजे या गाड्यांची बांधणीच अशी असते की इंजिनाची थरथर हायड्रॉलिक माउंटिंग गिळून टाकते, जाड रबर सील आवाज बाहेर ठेवतात आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनाची कमजोरी खालच्या गिअरवर येऊन झाकून घेतो. आराम देण्यासाठी केलेली ही सोय खरेदीदाराचे कान आणि पाय दोन्ही फसवते.

म्हणून गेल्या वर्षी पुन्हा अशीच डिझेल गाडी घ्यायचे ठरवले, तेव्हा मी स्वतःच्या अंदाजावर काहीही सोडले नाही. फोंड्यात माझ्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद होण्यापूर्वी ते डिचोलीकडे टिपरच्या इंजिनांची कामे करत, आणि डिझेल इंजिनाचा इतका नेमका कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. त्यांची पहिली अट होती, "गाडी रात्रीपासून बंद असली तरच मी येतो." मडगावजवळच्या एका निवृत्त गृहस्थांची गाडी होती. आम्ही सकाळी सातला पोहोचलो. बॉनेट उघडताच मेस्त्रींनी आधी रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावला. तो थंड होता, म्हणजे आमच्या आधी गाडी गरम करून ठेवलेली नव्हती. गरम इंजिन आपली बरीच दुखणी लपवते. थंड इंजिन चालू होताना चेनचा खडखडाट, ऑइलचा दाब यायला लागणारा वेळ, पहिला धूर, हे सारे पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकायला आणि पाहायला मिळते, आणि ती संधी दिवसातून एकदाच येते. चेनची गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ या डिझेल इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारी टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहे आणि सुरुवातीच्या काळातल्या इंजिनांत ती झिजल्याची उदाहरणे सर्वश्रुत आहेत. तिथपर्यंत पोहोचायलाच इतके काम निघते की सुट्या भागांपेक्षा मजुरीचा विचार आधी करावा लागतो.

इथे गोव्याच्या हवेची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे पहाटेही तापमान फारसे खाली जात नाही, त्यामुळे आधुनिक डिझेल इंजिन, थंडीत सिलिंडर तापवून देणारे ग्लो प्लग निकामी असले तरी, मुकाट्याने चालू होते. थंड प्रदेशात जो बिघाड पहिल्याच सकाळी उघडा पडतो, तो इथे वर्षानुवर्षे झाकलेला राहतो, आणि तो गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावूनच शोधावा लागतो. दुसरे म्हणजे समुद्राची हवा. किनाऱ्यालगत उभ्या राहिलेल्या गाडीत सेन्सरच्या कनेक्टरवर हिरवट थर चढतो, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पापुद्र्यांवर पांढरी भुकटी दिसते, आणि इंजिन धडधाकट असूनही चुकीच्या मोजमापामुळे ते ओढत नाही. अशा गाडीचे कमी रनिंग पाहून भुलू नये. दहा वर्षांत तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या सर्व्हिसच्या पावत्यांवर मी किलोमीटर नंतर पाहतो, तारखा आधी पाहतो, कारण ऑइल नुसते पडून राहिले तरी खराब होते आणि सील कडक होतात.

मेस्त्रींनी इंजिनावरचे प्लॅस्टिकचे आवरण काढले. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांपैकी तिसऱ्याच्या बुडाशी डांबरासारखा काळा, चकचकीत थर जमला होता. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळते त्या इंजिनात, इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर नीट बसत नसला की ज्वलनाचा वायू तिथून निसटतो आणि वर येऊन असा घट्ट होतो. त्यांनी तिथे थोडे पाणी सोडून इंजिन चालू केले, तेव्हा बारीक बुडबुडे आले आणि कान जवळ नेल्यावर प्रत्येक फेऱ्याला हलकासा फुसफुस आवाज ऐकू आला. दार बंद करून आत बसलेल्या माणसाला हा आवाज आयुष्यात ऐकू आला नसता. वेळीच वॉशर बदलला तर काम छोटे असते. तसेच चालवत राहिले तर इंजेक्टर त्या डांबरात चिकटून बसतो आणि काढताना हेड खराब होण्याची भीती असते.

धुराबद्दल सगळ्यांना ठाऊक असते तेवढे पुरे: निळा म्हणजे ऑइल जळते, सतत निघणारा पांढरा दाट धूर म्हणजे कूलंट किंवा न जळलेले डिझेल, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पावसाळ्याच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी वाफ पाहून मात्र घाबरू नये.

खरी परीक्षा घाटात. मालकांची परवानगी घेऊन आम्ही फोंड्यावरून मोले गाठले आणि अनमोड घाट चढलो. तिथे इंजिनावर सलग भार राहतो, आणि नेमके तेच सपाट रस्त्यावर मिळत नाही. एसी चालू ठेवला, गिअर हाताने तिसऱ्यावर धरला आणि दोन हजार फेऱ्यांपासून ॲक्सिलरेटर हळूहळू पूर्ण दाबला. मेस्त्री शेजारी स्कॅनर घेऊन बसले होते. टर्बोचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. पहिला वर गेला आणि दुसरा मागे रेंगाळला, तर पाइप फुटलेला आहे किंवा टर्बोची पाती अडकली आहेत, हे इंजिन न उघडता कळते. इंधनाच्या रेलमधला दाबही मागणीबरोबर चढला पाहिजे. या गाडीत दोन्ही जोड्या एकमेकींना धरून चालल्या. तापमानाचा काटा वर चढला नाही. उतरताना बराच वेळ ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाच्या ब्रेकवर आलो आणि खाली पुन्हा जोरात दाबले; मागच्या गाडीतून माझा मेहुणा धुराकडे पाहत होता, त्याला निळा लोट दिसला नाही.

मोले येथे इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल केले. झाकण उडू लागले किंवा तिथून जोराने धूर आला, तर रिंगांतून वायू खाली उतरतो आहे असे समजावे. इथे ते जागच्या जागी नुसते थरथरत राहिले. गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडांचे एरर कोडही तपासले. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हे बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर दिसते, आणि तो आकडा वीस-पंचवीस निघाला तर विक्रेत्याला त्याचे कारण अवश्य विचारावे.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते. डिझेलमध्ये ते मोजण्यासाठी ग्लो प्लग काढावे लागतात, आणि जुने प्लग काढताना तुटू शकतात. म्हणून तुटल्यास खर्च माझा, असे मी मालकांना आधीच लिहून दिले आणि इंजिन गरम असतानाच काम केले. गेजवर २७, २७, २५ आणि २६ बार असे आकडे आले. आकडा किती मोठा आहे यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, हे जास्त महत्त्वाचे. पेट्रोल इंजिनात कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजण्याची पद्धत आहे: आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. डिझेलची ज्वलनाची जागा इतकी लहान असते की तिथे ऑइल सोडून केलेली तपासणी दिशाभूल करते. तिथे पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरावी आणि ती कुठून सुटते ते ऐकावे. एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, आणि कूलंटमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. माझ्या पहिल्या गाडीची ही एक तपासणी केली असती, तर तो घाटातला प्रसंग आलाच नसता.

संध्याकाळी मालकांच्या व्हरांड्यात बसून मी त्यांना सारे आकडे दाखवले आणि तिसऱ्या इंजेक्टरचे कामही लपवले नाही. ते म्हणाले, "माझ्या गाडीचे इतके मला स्वतःलाही माहीत नव्हते," आणि चारही वॉशर बदलण्याचा खर्च त्यांनी किमतीतून वजा केला. ते काम मी पुढच्याच आठवड्यात करून घेतले, इंजेक्टर न अडखळता निघाला, आणि घाटातले टर्बोचे व कॉम्प्रेशनचे आकडे मेस्त्रींनी तारीख घालून गाडीच्या सर्व्हिस बुकात शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत.