बैलापुढे छिन

मी चिनी भाषा शिकवतो हे कळले, की बहुतेक जण विचारतात: आपल्या ‘गाढवापुढे वाचली गीता’ला चिनी लोक काय म्हणतात? तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर सांगतो. ते म्हणतात ‘दुइ न्यू थान छिन’, म्हणजे बैलापुढे छिन वाजवणे. छिन हे आडवे ठेवून बोटांनी छेडायचे सात तारांचे वाद्य आहे. आज ही म्हण बहुधा ऐकणाऱ्याला मठ्ठ ठरवण्यासाठी वापरली जाते. मूळ गोष्टीत मात्र तसे नाही.

ती गोष्ट मौ-त्झ याच्या नावावर असलेल्या, प्रश्नोत्तररूपाने लिहिलेल्या एका बौद्ध ग्रंथात येते. सेंगयौ (इ. स. ४४५–५१८) या भिक्षूने आपल्या संग्रहात घेतल्यामुळे तो ग्रंथ टिकला. गोंगमिंग यी बैलासमोर ‘छिंगज्याओ’ ही भारदस्त रचना वाजवतो आणि बैल खाली मान घालून चरतच राहतो. बैलाला ऐकू येत नव्हते असे नाही, ते सूर त्याच्या कानांसाठी नव्हते, असे ग्रंथकार स्पष्ट सांगतो. मग वादक डास-गोमाश्यांची गुणगुण आणि एकट्या पडलेल्या वासराचे हंबरणे वाजवू लागतो. त्यासरशी बैल शेपटी हलवतो, कान टवकारतो आणि पावले टाकत ऐकू लागतो.

हा दाखला देण्याचे कारणही तिथेच आहे. बुद्धवचनांची एवढी थोरवी गातोस, तर उत्तरे मात्र आमच्या जुन्या चिनी ग्रंथांतून का देतोस, असे मौ-त्झला विचारले जाते. तुम्हाला तेच ग्रंथ ठाऊक आहेत म्हणून, असे तो म्हणतो. भारतातून आलेला धर्म चीनमध्ये रुजत असताना सुचलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

आपलीही म्हण आपण अर्धीच म्हणतो. ‘कालचा गोंधळ बरा होता’ हा तिचा उत्तरार्ध आहे, म्हणजे काल काय ऐकले ते त्या गाढवाच्याही चांगले लक्षात होते.

पहिल्या वर्षी मी वर्गात स्वरांच्या चढउतारांचा तक्ता आठवडाभर समजावत होतो आणि मुले वह्यांत नुसते उतरवून घेत होती. ही गोष्ट पुरती वाचल्यावर तक्ता बाजूला ठेवून मी भाजीबाजारापासून सुरुवात केली: ‘माइ’ खाली नेऊन वर उचलला तर विकत घेणे, वरून झटक्यात खाली टाकला तर विकणे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मान वर करून विचारले, “म्हणजे सूर चुकला, तर मी गिऱ्हाईक असून भाजीवाली होणार?” आणि सगळा वर्ग मोठ्याने ‘माइ, माइ’ म्हणू लागला.