ग्रॅच्युइटीच्या दाव्यात पहिली पाच-सहा वर्षे सिद्ध करताना : माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये मी जून 2005 मध्ये लेथवर कामाला लागलो आणि जानेवारी 2022 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलो. निघताना कंपनीने ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मालकाने द्यायची एकरकमी रक्कम) म्हणून 66,000 रुपयांचा धनादेश पुढे केला, तर माझ्या हिशोबाने ती रक्कम 1,53,000 रुपये होत होती. उरलेले 87,000 रुपये मिळवण्यासाठी जी प्रक्रिया पार करावी लागली, तिच्याविषयी आमच्या भागातील कामगारांमध्ये आणि खरे सांगायचे तर लहान कारखानदारांमध्येही बरेच गैरसमज आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण हाच प्रकार उद्यमबागेपासून मच्छेपर्यंत अनेक ठिकाणी ऐकायला मिळतो.

पहिला गैरसमज असा की, ग्रॅच्युइटी निवृत्त होणाऱ्यालाच मिळते. माझ्या वेळी लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झाली असेल, तर राजीनामा देणाऱ्यालाही ती मिळते आणि पुढे माणसे दहापेक्षा कमी झाली तरी कायदा लागूच राहतो. हिशोबाची रीत सोपी आहे. शेवटचा मासिक पगार 26 ने भागायचा, आलेल्या रोजाला 15 ने गुणायचे आणि त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ भरला असेल तर ते पूर्ण वर्ष धरायचे. माझा मूळ पगार 10,400 रुपये आणि महागाई भत्ता 5,200 रुपये, म्हणजे एकूण 15,600 रुपये होते. त्याप्रमाणे रोज 600 रुपये, एका वर्षाची ग्रॅच्युइटी 9,000 रुपये आणि सोळा वर्षे सात महिन्यांची सेवा म्हणून सतरा वर्षे.

कंपनीने महागाई भत्ता वगळून फक्त मूळ पगार धरला होता आणि सेवा फेब्रुवारी 2011 पासून, म्हणजे अकरा वर्षेच मोजली होती. भत्त्याचा मुद्दा लवकर निकालात निघाला. कायद्यातील वेतनाच्या व्याख्येत महागाई भत्ता येतो. घरभाडे, बोनस आणि ओव्हरटाइम येत नाहीत, आणि हे इतके स्पष्ट लिहिलेले आहे की कंपनीच्या वकिलांनी पहिल्या सुनावणीनंतर तो विषय पुन्हा काढलाच नाही. खरा वाद 2005 ते 2011 या काळाचा होता. त्या वर्षांत माझा पगार एका लेबर कंत्राटदाराच्या नावाने निघत असे, दर मार्चअखेर कंत्राट संपल्याचे दाखवून चार-दोन दिवस घरी बसवले जात असे आणि एप्रिलमध्ये त्याच लेथवर, त्याच शिफ्टला पुन्हा उभे केले जात असे.

आमच्या गल्लीत अण्णा नावाने ओळखले जाणारे एक जुने कामगार कार्यकर्ते राहतात. राजीनामा देण्याआधीच मी त्यांच्याकडे गेलो होतो आणि त्यांनी एकच गोष्ट बजावली होती : “बाळ, फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर सही करायला हरकत नाही, पण सहीच्या वर तुझ्या हाताने लिही की ग्रॅच्युइटीची रक्कम मला मान्य नाही, हक्क राखून धनादेश घेत आहे.” मी तसेच लिहिले. ते पाहून मॅनेजर साहेब नाराज झाले, तरी धनादेश त्यांना द्यावाच लागला. कायद्यातील हक्काविरुद्ध जाणारा करार किंवा कागद ग्रॅच्युइटीच्या बाबतीत टिकत नाही, हे मला नंतर कळले. तरीही हाताने लिहिलेल्या त्या एका ओळीमुळे “यांनी सगळे मिळाल्याचे लिहून दिले आहे” हा युक्तिवाद उभाच राहिला नाही.

त्यानंतर मी ‘आय’ नमुन्यातील अर्ज भरून रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह कंपनीला पाठवला. 1972 च्या कायद्याखाली हा अर्ज साधारणपणे तीस दिवसांच्या आत द्यायचा असे. अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून ती तीस दिवसांत देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकलेली आहे, ही गोष्ट मालक मंडळी सोयीस्करपणे विसरतात. कंपनीने उत्तरात 2011 पूर्वी मी आपला कामगार नव्हतोच, असे कळवले. ते पत्र मला त्रासदायक वाटले होते, परंतु वाद नेमका कशाविषयी आहे हे त्यात मालकाच्या सहीनिशी नोंदले गेल्यामुळे पुढे त्याचा मलाच उपयोग झाला. मग ‘एन’ नमुन्यातील अर्ज कामगार खात्याच्या कार्यालयात, नियंत्रक प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे केला. त्या कायद्याखाली यासाठी नव्वद दिवसांची मुदत होती. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकत असे, पण त्यावर विसंबून राहू नये.

सुनावणी कन्नडमध्ये चालली. कारखान्यात वावरण्यापुरते कन्नड मला येते, परंतु जबाबासारख्या गोष्टीला ते पुरेसे नाही. म्हणून अण्णा माझे प्रतिनिधी म्हणून सोबत येत आणि माझा जबाब सही करण्यापूर्वी पूर्ण समजावून घेण्याची मुभा मला अधिकाऱ्यांनी दिली. आपल्या भागातील मराठी कामगाराने ही मुभा संकोच न करता मागून घ्यावी.

पुराव्यांची जुळवाजुळव हा या सगळ्यातील सर्वांत मोठा भाग होता. पीएफचे पासबुक फारसे कामाला आले नाही, कारण 2011 पूर्वीची वर्गणी कंत्राटदाराच्या खात्यातून भरलेली होती. ई.एस.आय.चा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक मात्र माणसाला एकदा मिळाला की नोकरी बदलली तरी तोच राहतो, आणि माझ्या 2005 च्या जुन्या कागदावर कामाला लागल्याची तारीख व त्या योजनेतील मालक म्हणून कंपनीचाच कोड क्रमांक होता. कंपनीच्या वकिलांनी यावर हरकत घेतली आणि ती अगदीच पोकळ नव्हती : कंत्राटदाराला स्वतःचा कोड नसेल तर त्याची माणसे मुख्य मालकाच्या कोडखाली नोंदवली जातात. म्हणजे हा कागद एकटा पुरणार नव्हता. त्याला जोड म्हणून माझ्याकडे त्या काळातील गेट पास, कंपनीच्या सुपरवायझरची सही असलेली हजेरी कार्डे, फर्स्ट पीसच्या (मशीनवर तयार झालेल्या पहिल्या नगाच्या) तपासणी अहवालांच्या माझ्या सहीच्या काही प्रती आणि खंडेनवमीला मशीनच्या पूजेच्या वेळी काढलेला, मागे सन लिहिलेला एक फोटो होता. फोटोला पुरावा म्हणून फार वजन नसते. तरी त्यात दिसणाऱ्या दोन सहकाऱ्यांनी येऊन साक्ष दिली, तेव्हा त्याचे मोल वाढले.

शिवाय नियंत्रक प्राधिकाऱ्यांना कागदपत्रे हजर करायला लावण्याच्या बाबतीत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार होते. त्याचा आधार घेऊन आम्ही 2005 पासूनची हजेरी आणि बोनस रजिस्टरे मागवली. कंपनीने 2011 नंतरचीच आणली. आधीची कंत्राटदाराकडे असतील असे सांगितले, आणि कंत्राटदाराला काही कोणी हजर केले नाही.

उलटतपासणीत मला विचारण्यात आले, “तुमचा पगार कंत्राटदार देत होता, हे खरे ना?” खरेच होते, त्यामुळे मी होय म्हणालो. पण काम कोण नेमून देत असे, रजा कोण मंजूर करत असे आणि मशीन कोणाचे होते, हेही त्याच उत्तराबरोबर नोंदवून घ्यावे अशी मी विनंती केली आणि ती मान्य झाली. माझ्या मते सगळा दावा या एका जागी तुटला असता किंवा टिकला असता, कारण माझा खरा मालक कोण हे त्यावरूनच ठरणार होते. मार्चअखेरच्या खंडाचे उत्तर कायद्यातच होते, कारण वर्षात 240 दिवस काम भरले असेल तर असे किरकोळ खंड सेवा तोडत नाहीत, आणि हजेरी कार्डे तेवढे दिवस दाखवत होती.

निकाल माझ्या बाजूने लागला. कंत्राट केवळ कागदोपत्री होते असे मानून सेवा जून 2005 पासून धरण्यात आली आणि उरलेले 87,000 रुपये वार्षिक 10 टक्के सरळ व्याजासह देण्याचा आदेश झाला. कंपनीला साठ दिवसांत अपील करता आले असते, परंतु त्यासाठी आधी आदेशाची पूर्ण रक्कम जमा करावी लागते. कंपनीने अपील न करता पैसे भरले.

आमच्या मालकांना मी लबाड म्हणणार नाही. मोठ्या कंपन्यांची बिले महिनोन्महिने अडकतात, दर वर्षी ग्रॅच्युइटीसाठी थोडी रक्कम बाजूला काढण्याची सवय नसते आणि जुनी माणसे एकदम निघाली की सल्लागार सांगेल ती पळवाट धरली जाते. कर्नाटकात ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा करणारे नियम 2024 मध्ये आले, ते मला म्हणूनच योग्य वाटतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1972 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्यात ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळते, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक दाखवले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे मूळ पगार कमी दाखवण्याची जुनी युक्ती आता फारशी चालणार नाही. कंत्राटदाराच्या नावाखाली गेलेली वर्षे मात्र यापुढेही ज्याची त्यालाच सिद्ध करावी लागतील.

माझ्यासाठी साक्ष द्यायला आलेल्या त्या दोघांनीही आता आपापले दावे दाखल केले आहेत. त्यांतील खानापूरकडच्या सहकाऱ्याजवळ ई.एस.आय.चा जुना कागद आहे. दुसऱ्याजवळ तो नाही, म्हणून त्याने कंपनीच्या रजिस्टरांबरोबर कंत्राटदारालाही हजर करण्याची मागणी अर्जातच केली आहे, आणि त्याच्या बाजूने साक्षीला या वेळी मी उभा राहणार आहे.